गाडीतला वाटाड्या : परिसर अभ्यासासाठी चार तासिकांचा पाठ



आमची शाळा अकोले तालुक्यातली. मागच्या हिवाळ्यात मुलांना घेऊन भंडारदऱ्याला गेलो. एका पालकांच्या गाडीत काचेला चिकटवलेलं जुनं जीपीएस यंत्र होतं. "पाचशे मीटरवर डावीकडे वळा" असा आवाज आला की मुलं हसायची. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ती बाई आपल्याला वरून बघती का?" या प्रश्नातून पाचवीसाठी एक पाठ तयार झाला. तो इथे देत आहे.

तासिका १ : यंत्राला काय कळतं?

जीपीएसचे किमान २४ उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात. प्रत्येक उपग्रह स्वतःची जागा आणि अचूक वेळ सतत सांगत असतो. आपलं यंत्र ते फक्त ऐकतं. संदेश पोचायला किती वेळ लागला, यावरून उपग्रह किती लांब आहे ते काढतं. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की स्वतःची जागा नक्की करतं. म्हणजे उपग्रहाला आपली गाडी माहीतही नसते. यासाठी मोबाईलची रेंज लागत नाही, इंटरनेटही लागत नाही.

कृती : मैदानावर तीन मुलं लांब लांब उभी करा. प्रत्येकाच्या हातात वेगळ्या लांबीची दोरी द्या. तिन्ही दोऱ्यांची टोकं ताणून जिथे एकत्र येतात, तिथे चौथं मूल उभं करा. मुलांना लगेच समजतं. (दोऱ्यांची लांबी आधी मोजून ठेवा, नाहीतर टोकं जुळत नाहीत!)

तासिका २ : माहिती कोण भरतं?

यंत्र जागा सांगतं, पण पडद्यावरचे रस्ते आणि गावं ही आधीच साठवलेल्या नकाशातून येतात. त्याच्या जोडीला प्रवास मार्गदर्शिका मिळते. ती मेमरी कार्डावर किंवा फाईलच्या रूपात असते. जवळचं देऊळ, किल्ला, जेवणाची सोय, पेट्रोल पंप अशी यादी आणि थोडी माहिती तिच्यात असते. नकाशा आणि मार्गदर्शिका दोन्ही माणसांनीच भरलेल्या असतात. म्हणून त्या जुन्या होतात आणि चुकतातही. आपल्याच जिल्ह्यातली उदाहरणं घ्या.

• २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. जुन्या यंत्रात अजून अहमदनगरच दिसतं.
• नगरजवळच्या डोंगरावरची तीन मजली वास्तू लोक 'चांदबिबीचा महाल' म्हणून ओळखतात. खरं तर ती निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची कबर आहे. एका नावाने शोधलं तर दुसरं सापडेलच असं नाही.
• नुसतं 'शिंगणापूर' टाकलं तर कुठलं? शनी शिंगणापूर आपल्या नेवासे तालुक्यात, शिखर शिंगणापूर सातारा जिल्ह्यात.

मुलांना विचारा : आपल्या गावाच्या नावाचं दुसरं गाव तुम्हाला माहीत आहे का?

तासिका ३ : आपली मार्गदर्शिका

आता मुलं स्वतः मार्गदर्शिका तयार करतात. वहीत सहा रकाने आखायचे : ठिकाणाचं नाव, अक्षांश, रेखांश, दोन ओळींची माहिती, कधी जावं, कोणाला विचारावं. आमच्या मुलांनी कळसूबाई (१६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर), रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, भंडारदरा धरण आणि अंब्रेला धबधबा घेतला. 'कधी जावं' हा रकाना महत्त्वाचा. अंब्रेला धबधबा धरणातून पाणी सोडल्यावरच दिसतो. एरवी गेलेला पाहुणा नुसता खडक बघून परत येतो.

अक्षांश-रेखांश मोबाईलवर पालकांच्या मदतीने घ्यावेत. ही यादी संगणकावर भरून काही यंत्रांत टाकताही येते. फक्त क्रम तपासा, कारण काही यंत्रांना रेखांश आधी लागतो. नगर शहर साधारण १९.०९ उत्तर, ७४.७४ पूर्व येथे आहे. हे आकडे उलटे लिहिले तर नगर थेट नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिकच्या थंड समुद्रात बेअर बेटाजवळ जाऊन पडतं! पृथ्वीगोलावर हे दाखवलं तेव्हा वर्गात एकच हशा पिकला. क्रम मात्र कोणी विसरलं नाही.

सूचना : मुलांची घरं आणि फोन नंबर यादीत घेऊ नयेत.

तासिका ४ : सहावा रकाना कशासाठी?

ही तासिका शांतपणे घ्यावी. कोतूळ आमच्याच तालुक्यातलं गाव. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईला निघालेले तिघं जण रात्री मोबाईलच्या नकाशाप्रमाणे या बाजूने आले. पुढचा पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेला होता. अंधारात ते कळलं नाही आणि गाडी पाण्यात गेली. दोघं पोहून बाहेर आले. गाडी चालवणारा वाचला नाही.

एका मुलाने विचारलं, "मॅडम, नकाशात पूल होता ना?" होता. "मग नकाशा खोटं कुठं बोलला?" मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. नकाशाला माहीत होतं : इथे पूल आहे. गावाला माहीत होतं : तो पूल आत्ता पाण्याखाली आहे. मुलं बराच वेळ काही बोलली नाहीत. मग वहीतला सहावा रकाना त्यांनी स्वतःहून भरायला घेतला. पुलाजवळचा टपरीवाला, एसटीचे ड्रायव्हर, गुरं वळणारे आजोबा, पोलीसपाटील.

पालकांसाठी दोन शब्द

प्रवासाला निघण्याआधी नकाशा घरीच डाउनलोड करून ठेवा. डोंगराळ भागात रेंज जाते, आणि इंटरनेटवर चालणारा नकाशा तेव्हाच अडतो. अनोळखी आडरस्ता शक्यतो दिवसाच धरा. रस्त्यावर पाणी दिसलं तर यंत्र काहीही म्हणो, गाडी थांबवा, खाली उतरा आणि माणसाला विचारा. मागे बसलेल्या मुलांनाही "काका, थांबा, विचारू या" असं म्हणायची मुभा द्या.

स्वाध्याय : आपल्या गावाकडे येणारा कोणता रस्ता पावसाळ्यात बंद होतो? घरातल्या मोठ्यांना विचारून लिहा.

आमच्या वर्गात या एका प्रश्नाला सात वेगवेगळे रस्ते मिळाले. त्यातला एकही रस्ता त्या गाडीतल्या यंत्रात बंद दाखवलेला नव्हता. आपल्या वर्गात हा पाठ जरूर घेऊन पाहा.