तोंडी वायद्यावर लिहून दिलेली जमीन

गरीब शेतकरी बापाला मुलाचे भले व्हावे असे वाटते आणि मुलाला बापाचे कष्ट संपवावेसे वाटतात. मात्र ही ओढ घाईत उतरली, की घरातले एकमेव साधन असलेली जमीनच आधी पणाला लागते. भोर तालुक्यातील भोंगवलीच्या परिसरात ही घाई समजण्यासारखी आहे. कारण पुणे-बंगळूर महामार्ग जवळ असून नीरा नदीपलीकडे शिरवळला कारखाने उभे आहेत, आणि मालवाहू गाडी घेतली की दिवस पालटतील असे तरुणांना वाटते.

प्रस्तुत लेखकाच्या घरी असेच झाले. मुलाच्या, म्हणजे लेखकाच्याच, गाडीसाठी वडिलांनी एका खासगी सावकाराला जमिनीचे खरेदीखत, म्हणजे मालकी कायमची देणारा नोंदणीकृत दस्त, करून दिले आणि पैसे फिटले की जमीन माघारी मिळेल हा वायदा तोंडीच राहिला. वडील अंगठ्याची शाई धोतराच्या सोग्याला पुसत होते, तेव्हा दस्तात कर्जाचा उल्लेखच नाही, हे शिकलेल्या मुलाने वाचून पाहिले नव्हते. पुढे हप्ते रोखीने आणि पावतीशिवाय दिले गेले, आणि जमीन परत आली नाही.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 मधील कलम 58 नुसार विक्रीच्या रूपातील व्यवहार गहाण ठरण्यासाठी जमीन परत करण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली असावी लागते. त्यामुळे तोंडी वायद्याच्या आधारे तो व्यवहार गहाण ठरत नाही. खरेदीनंतर फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरील हक्कबदलाची नोंद, धरला जातो आणि संबंधितांना नोटीस देऊन हरकतीसाठी 15 दिवस दिले जातात. ती नोटीस घडी घालून फळीवर ठेवू नये. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 अन्वये सावकारीपोटी बळकावलेली जमीन परत मिळवण्यासाठी सहकार खात्याच्या निबंधकाकडे अर्ज करता येतो; तथापि, तेथे व्यवहार कर्जाचाच होता हे दाखवावे लागते, म्हणून प्रत्येक हप्ता बँकेतूनच द्यावा.

गाडीसाठी बँकेचे वाहनकर्ज घेतल्यास तारण गाडीच असते आणि धंदा बसला तर सहसा आधी गाडी जाते. लहान व्यवसायासाठी 2015 पासूनच्या मुद्रा योजनेत विनातारण कर्जाचीही सोय आहे. शिवाय 1948 च्या कूळकायद्यातील कलम 63 नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन घेण्यास सर्वसाधारणपणे मनाई असल्याने सगळी जमीन विकणाऱ्या कुटुंबाला पुन्हा शेतकरी म्हणून उभे राहणे अवघड होते.

म्हणून दस्त करण्याच्या आदल्या रात्री मुलाने त्याचा मसुदा वडिलांना घरी बसून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवावा आणि दिलेला शब्द त्यात कोठेही सापडला नाही, तर सकाळी दोघांनीही घर सोडू नये; बापाने पोटाला चिमटा घेऊन दिलेल्या शिक्षणाचा याहून मोठा उपयोग त्या घरात दुसरा नाही.