तिसऱ्या डोसला रांग का लागली नाही?

प्रश्न : आम्ही मूळचे नाशिकचे, नोकरीमुळे चंडीगडला स्थायिक. करोनाच्या लशीचे पहिले डोस मिळावेत म्हणून आमच्या सोसायटीतली मंडळी मोबाइलवर डोळे लावून बसायची. बूस्टरच्या वेळी मात्र सेक्टर २९ मधल्या एका छोले-भटुरेवाल्याने 'डोस घ्या आणि फुकट खा' अशी हाळी दिली. वर्षभरात असं काय बदललं? लोकांचा विश्वास उडाला, की बूस्टरची गरजच नव्हती? माझ्या सासूबाईंनी (वय ७४, मधुमेह) तो घेतला. मी (वय ३६, करोना एकदा होऊन गेलेला) टाळला. आम्हा दोघींत शहाणी कोण?
— एक वाचक, चंडीगड

उत्तर : सासूबाई शहाण्या, यात शंकाच नाही. तुम्हाला मी अडाणी म्हणणार नाही, हिशोबी म्हणेन. असे हिशोबी लोक २०२२ मध्ये देशभर होते.

आधी छोले-भटुऱ्यांचं बोलू, कारण त्यात एक दुरुस्ती आहे. त्या विक्रेत्याचं नाव संजय राणा. सायकलवर छोले-भटुरे विकणाऱ्या या गृहस्थांनी पहिली हाळी बूस्टरसाठी दिलीच नव्हती. ती दिली २०२१ मध्ये, साध्या लसीकरणासाठी. त्याच दिवशी लस घेतल्याचा पुरावा दाखवायचा आणि पोटभर खायचं, अशी योजना. कल्पना घरातल्या मुलींची. २५ जुलै २०२१ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी त्यांचं नाव घेतलं आणि ते देशाला ठाऊक झाले. वर्षभराने, जुलै २०२२ च्या अखेरीस, लोक तिसरा डोस घ्यायला कां-कूं करताहेत हे पाहून राणांनी तीच योजना पुन्हा सुरू केली. म्हणजे प्लेट दोन्ही वेळा फुकटच होती. पण पहिल्या वेळी ती शाबासकी होती, दुसऱ्या वेळी विनवणी.

मधल्या काळात सगळ्यात मोठी गोष्ट घडली ती म्हणजे भीती गेली. एप्रिल-मे २०२१ आठवा. ऑक्सिजनचा सिलिंडर, रेमडेसिविरची कुपी, रुग्णालयातली खाट, कशासाठी कुणाला फोन करायचा ते कळत नव्हतं. त्यात १ मे पासून १८ वर्षांवरच्या सर्वांना लस खुली झाली आणि लस मात्र पुरेशी नव्हती. रांग लागणारच. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट आली. घरोघरी ताप, घसा, दोन दिवस अंगदुखी, आणि बहुतेक जण घरीच बरे झाले. त्यानंतर गरज सरो नि वैद्य मरो.

पण नुसती भीती गेली म्हणून सोडून देता येत नाही. ओमायक्रॉनने आणखी एक केलं. दोन डोस घेतलेल्यांनाही तो झाला. मग शेजारी विचारू लागले, लस घेऊन काय मिळवलं? हा प्रश्न मूर्खपणाचा नाही, त्याचं उत्तर मात्र दोन पदरी आहे. लस टोचल्यावर रक्तात प्रतिपिंडं तयार होतात ती रस्त्यावरच्या पोलीस बंदोबस्तासारखी. सण उलटला की बंदोबस्त उठतो, तशी काही महिन्यांत ती ओसरतात. पण ठाण्यात गुन्हेगाराची नोंद राहते. शरीरातल्या स्मृतिपेशी म्हणजे ती नोंद. विषाणू दारातून आत शिरतो, सर्दी-ताप आणतो, पण फुप्फुसापर्यंत पोचायच्या आत धरला जातो. बूस्टरने बंदोबस्त पुन्हा वाढतो. संसर्गापासूनचं त्याचं संरक्षण काही महिनेच टिकतं, गंभीर आजारापासूनचं बरंच जास्त टिकतं. ज्यांची नोंदवहीच वयामुळे, मधुमेहामुळे, किडनीच्या आजारामुळे धड लिहिली जात नाही, त्यांना या वाढीव बंदोबस्ताचा खरा उपयोग. म्हणून सासूबाई शहाण्या.

तुमचं वेगळं. दोन डोस, शिवाय एकदा प्रत्यक्ष आजार, म्हणजे तुमची नोंद दोन वाटांनी झाली होती. हे तुमच्या एकटीचं नव्हतं. २०२१ च्या जून-जुलैमधल्या आयसीएमआरच्या सर्वेक्षणात ६७.६ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली. तुमच्याच शहरात पीजीआयने मुलांचे नमुने तपासले तेव्हा सुमारे ७१ टक्के मुलांत ती आढळली, आणि त्या मुलांना लस मिळालेलीच नव्हती. हे सगळं ओमायक्रॉनच्या आधीचं. तुम्हालाही एका बूस्टरची शिफारस होतीच. मार्च २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गट पाडले तेव्हाही निरोगी प्रौढांना पहिला बूस्टर सांगितला होता, त्यापुढचे सरसकट नकोत म्हटलं होतं. पण तुमचा लाभ सासूबाईंच्या लाभाइतका नव्हता, आणि हे कुणी तुमच्यासमोर बसून सांगितलं नाही. 'सर्वांनी घ्या' एवढंच सांगितलं. माझी तक्रार इथे आहे.

विश्वासाचं गणित या जागी चुकत गेलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये आयसीएमआरचे तेव्हाचे प्रमुख बलराम भार्गव म्हणाले होते की बूस्टरची गरज दाखवणारा शास्त्रीय पुरावा अजून नाही. २ डिसेंबरला देशात ओमायक्रॉनचे पहिले दोन रुग्ण जाहीर झाले. २५ डिसेंबरच्या रात्री पंतप्रधानांनी 'प्रिकॉशन डोस' या नावाने बूस्टर जाहीर केला आणि १० जानेवारी २०२२ पासून तो आरोग्य कर्मचारी, आघाडीचे कर्मचारी आणि सहव्याधी असलेल्या ज्येष्ठांना मिळू लागला. मत बदलण्यात काही गैर नाही. विषाणू बदलला, मत बदललं, विज्ञान असंच चालतं. पण 'गेल्या महिन्यात आम्ही हे म्हणालो होतो, आता हे नवं दिसलं म्हणून ते म्हणतो' असं ठळकपणे सांगण्याची सवय आपल्याकडे नाही. कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर आधी चार ते सहा आठवडे, मार्च २०२१ मध्ये सहा ते आठ, मेमध्ये बारा ते सोळा. बूस्टरचं अंतर नऊ महिने, जुलै २०२२ मध्ये सहा. प्रत्येक बदलामागे काही ना काही कारण होतं, पण लोकांना दिसलं ते एवढंच की तुटवडा असला की अंतर वाढतं आणि साठा पडून राहिला की घटतं. बारा ते सोळा आठवड्यांच्या निर्णयाबद्दल तर लसीकरणाच्या राष्ट्रीय सल्लागार गटातल्याच काही शास्त्रज्ञांनी, त्यांत डॉ. मोहन गुप्ते होते, जून २०२१ मध्ये रॉयटर्सला सांगितलं की बारा आठवड्यांपलीकडच्या अंतराची शिफारस गटाने केली नव्हती. गटाच्या करोना कार्यगटाचे अध्यक्ष एन. के. अरोरा यांनी ते अंतर शास्त्राला धरूनच असल्याचं सांगितलं. आतला मतभेद बाहेर आला तो असा, एका वृत्तसंस्थेकडून.

अमेरिकेत उलटं झालं. १७ सप्टेंबर २०२१ ला तिथल्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने १६ वर्षांवरच्या सर्वांना बूस्टर द्यायचा प्रस्ताव १६ विरुद्ध २ मतांनी फेटाळला आणि ६५ वर्षांवरच्यांना व धोक्यातल्यांना मात्र मान्य केला. सगळी चर्चा कुणालाही घरबसल्या पाहता येत होती. त्यामुळे तिथे बूस्टरला झुंबड उडाली असं नाही, तिथेही प्रत्येक नव्या डोसला माणसं घटतच गेली. तरीही कोण काय म्हणालं आणि का म्हणालं, हे माणसाला कळलं. आपल्याकडे ३ जानेवारी २०२१ ला औषध महानियंत्रक व्ही. जी. सोमाणी यांनी लशी ११० टक्के सुरक्षित असल्याचं सांगितलं होतं. शंभराच्या वरचे ते दहा टक्के ऐकून माझ्यासारख्या माणसाच्या मनात पाल चुकचुकते.

पैशाचं काय, असंही तुम्ही विचाराल. १० एप्रिल २०२२ पासून १८ वर्षांवरच्या सर्वांना तिसरा डोस खुला झाला, पण साठीच्या आतल्यांना तो मुख्यतः खासगी केंद्रांत, विकत. आदल्याच दिवशी कोविशील्ड आणि कोवॅक्सिनच्या कंपन्यांनी किंमत २२५ रुपयांवर आणली होती, वर टोचणावळ १५० पर्यंत. चौघांच्या घराला दीड हजार. रक्कम भारी नाही, पण लोकांनी त्यातून अर्थ काढला : खरंच गरज असती तर सरकारने फुकट दिला असता. मग १५ जुलैपासून ७५ दिवस तो फुकट झाला. राणांची दुसरी हाळी याच दिवसांतली. म्हणजे डोसही फुकट, खाणंही फुकट, आणि तरी बोलवावं लागत होतं. सीरमने तर डिसेंबर २०२१ मध्येच कोविशील्डचं उत्पादन थांबवलं होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपनीचे प्रमुख अदर पूनावाला यांनी सांगितलं की सुमारे दहा कोटी डोस मुदत संपून वाया गेले आणि लोकांना आता करोनाचा कंटाळा आलाय.

आता विश्वास उडणं म्हणजे काय, ते दाखवतो. चंडीगडपासून जवळच अंबाल्याला नोव्हेंबर २०२० मध्ये हरियाणाचे मंत्री अनिल विज यांनी कोवॅक्सिनच्या चाचणीत डोस घेतला आणि पंधरवड्यात त्यांना करोना झाला. लगेच गवगवा. डोस दोन होते, त्यांनी एकच घेतला होता, आणि लशीचा परिणाम दुसऱ्यानंतर दोन आठवड्यांनी मोजायचा होता. कंपनीने हे समजावलं आणि गवगवा विरला. त्याला मी विश्वास उडणं म्हणत नाही.

विश्वास खरोखर उडाला होता तेव्हाच्या अखंड पंजाबात, एकशेवीसहून अधिक वर्षांपूर्वी. १० जानेवारी १८९७ ला वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. (आपला प्रिकॉशन डोस बरोबर १२५ वर्षांनी, त्याच तारखेला सुरू झाला. निव्वळ योगायोग, पण मला गंमत वाटली.) परळला प्रयोगशाळा उभी राहिली आणि तिथून लशीच्या बाटल्या पंजाबला जाऊ लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२ ला मुलकोवाल नावाच्या गावात, जे आता पाकिस्तानात आहे, १०७ जणांना लस दिली गेली. त्यातल्या ५३-एन क्रमांकाच्या एका बाटलीतून ज्यांना टोचली ते सगळे, १९ जण, धनुर्वाताने गेले. चौकशी बसली. तिने ठरवलं की दोष परळच्या प्रयोगशाळेचा. हाफकिन निलंबित झाले. त्यांनी कार्बोलिक ॲसिड वापरणं सोडून नवी पद्धत घेतली होती, त्यावर बोट ठेवणं सोपं होतं.

खरा धागा गावातच होता. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर धरून निर्जंतुक करायला हवा होता. जंतुनाशकात नुसता बुचकळून त्याच चिमट्याने बाटलीचं बूच काढलं गेलं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय बाटली परळहूनच दूषित होऊन आली असती तर उघडल्याबरोबर दुर्गंधी सुटली असती. मलेरियावाले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी हे लावून धरलं, १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र गेलं आणि तेव्हा कुठे हाफकिन दोषमुक्त झाले. पाच वर्षं गेली होती. तोवर पंजाबातल्या लसीकरणाला खीळ बसली आणि प्लेग माणसं नेतच राहिला. परळच्या संस्थेला हाफकिन यांचं नाव मिळालं ते १९२५ मध्ये.

आपल्या वेळी अशी बाटली निघाली नाही. तरी एक गोष्ट खटकते. कोविशील्डनंतर रक्तात गुठळ्या होण्याचा अतिदुर्मीळ धोका सरकारी समितीने १७ मे २०२१ ला जाहीर केला होता : २६ संभाव्य प्रकरणं, दहा लाख डोसमागे ०.६१. २०२४ मध्ये लंडनच्या न्यायालयात ॲस्ट्राझेनेकाने तेच कबूल केल्याची बातमी आली आणि लोकांना वाटलं, तीन वर्षं लपवून ठेवलं. लपवलं नव्हतं. प्रसिद्धिपत्रकात होतं. पण लसीकरण केंद्रावर परिचारिका सांगायची ते ताप आला तर पॅरासिटामॉल घ्या, अर्धा तास बसा, इतकंच. 'वीस दिवसांत सतत डोकं दुखलं, दम लागला, पाय सुजला तर लगेच या' ही ओळ पत्रकात राहिली.

तुम्ही सक्तीबद्दल विचारलं नाही, पण तीही याच गोष्टीत बसते. १ जानेवारी २०२२ पासून चंडीगड प्रशासनाने दोन्ही डोस न घेतलेल्या प्रौढांना सार्वजनिक ठिकाणी मज्जाव केला. मुंबईत त्याआधी, १५ ऑगस्ट २०२१ पासून, दोन डोसवाल्यांनाच लोकल होती. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने, न्या. नागेश्वर राव आणि अमरावतीचे न्या. भूषण गवई यांच्या पीठाने, जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर निकाल दिला. कुणालाही बळजबरीने लस देता येणार नाही, सरकारचं लसीकरण धोरण अवाजवी नाही, रुग्णसंख्या कमी आहे तोवर लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध मागे घ्यावेत, आणि लशीच्या दुष्परिणामांची माहिती लोकांना व डॉक्टरांना नोंदवता यावी व ती सर्वांना पाहता यावी. शेवटच्या मुद्द्याची बातमी सगळ्यात लहान छापून आली होती.

सासूबाईंबद्दल एक. मधुमेह आहे, वय ७४ आहे, तर इन्फ्लुएन्झाची वार्षिक लस आणि न्यूमोकोकल लस याबद्दल त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. जाताना मागच्या डोसची तारीख आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्या, आणि कोणती लक्षणं दिसली तर परत यायचं, ते तिथेच लिहून मागा.