‘नामंजूर’ म्हणजे नेमकं काय? पत्र फाडण्याआधी हे वाचा

आजचा शब्द छोटा आहे, पण त्याने माझे चार महिने खाल्ले.

दुकान वाढवायचं म्हणून मी एका बँकेत कर्जाचा अर्ज केला होता. उत्तर आलं, ‘आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.’ एवढं वाचलं आणि पत्र गल्ल्याखाली सारलं. घरी कुणाला सांगितलंही नाही. चार महिन्यांनी परत काढून वाचलं, तर खालच्याच ओळीत कारण होतं: दुकानाचा भाडेकरार नोंदणीकृत नाही. म्हणजे माझा धंदा नापास झाला नव्हता, एक कागद कमी पडला होता.

शब्दाचा अर्थ

‘मंजूर’ हा अरबीतून फारसीमार्गे मराठीत आलेला शब्द. ‘नजर’ आणि ‘मंजूर’ यांचं मूळ एकच. अधिकाऱ्याच्या नजरेखालून गेलं आणि पसंत पडलं ते मंजूर. त्याला ‘ना’ लागला की नामंजूर. लक्षात घ्या, नामंजूर होतो तो अर्ज, ठराव, रजा किंवा दावा. माणूस नामंजूर होत नाही!

सारखे वाटणारे शब्द

- त्रुटी: कागदात काहीतरी कमी आहे. अजून निर्णय झालेला नाही.
- प्रलंबित: निर्णय व्हायचा आहे. पाठपुरावा करा.
- नामंजूर: निर्णय झाला, उत्तर ‘नाही’.
- फेटाळला: अर्थ तोच, पण जास्त कडक. याचिका, अपील, मागणी यांच्यासाठी जास्त वापरतात.
- रद्द: आधी मिळालेलं काढून घेतलं. जसं परवाना रद्द.

हा फरक पैशांचा आहे. जीएसटी नोंदणीचंच बघा. अर्जात शंका असेल तर अधिकारी आरईजी-०३ नमुन्यात नोटीस पाठवतात. हे नामंजूर नाही, हा प्रश्न आहे. त्याला ७ कामकाजाच्या दिवसांत आरईजी-०४ मधून उत्तर द्यायचं असतं. उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही, तर आरईजी-०५ मध्ये नामंजुरीचा आदेश निघू शकतो. बरेच जण पहिल्या नोटिशीलाच ‘रिजेक्ट झालं’ समजून गप्प बसतात, आणि मग खरंच रिजेक्ट होतं.

आपण कधी वापरायचा?

नामंजूर हा वरून खाली येणारा शब्द आहे, तो अधिकाराच्या खुर्चीतून येतो. सप्लायरचं कोटेशन परवडत नसेल तर ‘आपले कोटेशन नामंजूर’ असं लिहू नका. ‘या दरात सध्या माल घेणे शक्य नाही’ असं लिहा. उद्या त्याच्याकडेच जावं लागेल. माल खराब निघाला तर ‘माल नाकारला’ किंवा ‘माल परत केला’ म्हणा, आणि कारण लिहा.

पत्र आलं तर काय करायचं?

१. पूर्ण वाचा. कारणाची ओळ अधोरेखित करा.
२. कारण नसेल तर लेखी मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज नाकारताना मुख्य कारण बँकेने लेखी कळवायचं असतं.
३. कारण कागदाचं आहे की धंद्याच्या आकड्यांचं, ते ठरवा. कागद असेल तर पुरा करून पुन्हा अर्ज करा. आकडे असतील तर आधी हिशेब सुधारा.

मी भाडेकरार नोंदवून दुसरा अर्ज केला. तो मंजूर झाला. चार महिने मात्र परत आले नाहीत.

तुमच्याकडेही असं एखादं पत्र पडलंय का? आजच काढा आणि दुसरी ओळ वाचा.