पहिलं विमान मोटरीविना

प्रश्न : माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला उडणारी मॉडेल विमानं बनवायची आहेत. थेट रिमोटचा संच घ्यावा का? (एक पालक, नाशिक)

उत्तर : एवढ्यात नको. आधी बाल्सा लाकडाचं किंवा थर्माकोलचं साधं ग्लायडर तिलाच कापू द्या, चिकटवू द्या. खरी मेख तोलात आहे. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर, दोन्ही पंखांखाली बोटं टेकवा. विमान आडवं राहायला हवं. मग वारा पडलेला असताना, गवतावर, नाक किंचित खाली ठेवून अलगद सोडा. वर झेपावून, थबकून कोसळलं तर नाकाला चिमूटभर प्लॅस्टिसीन लावा. सरळ खाली घुसलं तर थोडं काढा, किंवा शेपटीच्या आडव्या पट्टीची मागची कड केसभर वर वाकवा. एका वेळी एकच बदल. फेकण्याचा जोरही तोच ठेवा.

हे जमलं की रिमोट. वरच्या अंगाला पंख असलेलं फोमचं ट्रेनर घ्या. देखणी लढाऊ विमानं नवशिक्याच्या हाती टिकत नाहीत. त्याआधी सिम्युलेटरवर सराव हवाच, कारण विमान आपल्याकडे येताना डावं-उजवं उलटं होतं. लिपो बॅटरी चार्ज होत असताना तिथून हलू नका.

उडवण्यापूर्वी ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा तपासा. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही. तुमच्याकडे ओझरचा विमानतळ आणि देवळालीची छावणी आहे, तेव्हा यात हयगय नको.