तांत्रिक विषयाचे मराठी विवेचन : सौर उपकरणातील विद्युतदाब-नियमन

उद्दिष्टे
या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला
• विद्युतदाब-नियमनाची क्रिया मराठीत समजावून देता येईल.
• तांत्रिक लेखनातील शब्दांच्या अचूकतेचे महत्त्व सांगता येईल.

प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, आपण तळोजा औद्योगिक वसाहतीत काम करत असाल, तर ‘व्होल्टेज’, ‘डायोड’ हे शब्द रोज आपल्या कानांवर पडत असतील. मात्र शब्द परिचित असणे आणि क्रिया समजावून देता येणे, या भिन्न गोष्टी आहेत.

विषय-विवेचन
सौर पट्टीवर ढगाची सावली आली की तिचा विद्युतदाब उतरतो. ऊन पडले की चढतो. सुमारे ५ व्होल्टवर चालणाऱ्या लहान रेडिओला हा चढउतार सोसत नाही. म्हणून पट्टी व रेडिओ यांच्यामध्ये रोधक जोडतात आणि रेडिओला समांतर, उलट दिशेने, झेनर डायोड जोडतात. धरणातील पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की सांडव्यावरून वाहू लागते. तसा ठरावीक दाबाला झेनर वाहू लागतो.

समजा, पट्टीचा दाब ९ व्होल्ट, झेनर ५.१ व्होल्टचा आणि रोधक १०० ओहमचा आहे. उरलेले ३.९ व्होल्ट रोधकावर पडतात आणि त्यातून ३९ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. त्यांपैकी २० रेडिओ घेतो, १९ झेनरमधून जातात. पट्टी ८ व्होल्टवर उतरली, तर एकूण प्रवाह २९ होतो. रेडिओला २० मिळतातच, झेनरच्या वाट्याला ९ येतात. दाब मात्र ५.१ व्होल्टच्या आसपास टिकतो. पट्टी ७.१ व्होल्टच्या खाली गेली, की झेनरसाठी काही उरत नाही आणि नियमन थांबते.

आता वरील वर्णनातून ‘उलट दिशेने’ हे दोन शब्द वगळून पाहा. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोषच राहील. पण ते वाचून कोणी झेनर सुलट जोडला, तर रेडिओला जेमतेम ०.७ व्होल्ट मिळतील आणि तो मुका राहील. ललित लेखनात विशेषण गाळल्यास शोभा कमी होते. येथे उपकरणच बंद पडते.

दृष्टान्तालाही मर्यादा असते. सांडव्याचे पाणी नदीतून पुढे निघून जाते. झेनरमधला प्रवाह मात्र परिपथ पूर्ण करून पट्टीकडे परततो आणि जादा ऊर्जेची उष्णता होते. ही मर्यादा लेखकाने स्वतःच सांगावी.

सारांश
तांत्रिक वाक्यातील प्रत्येक शब्द परिपथातील सुट्या भागासारखा असतो. तो गाळण्यापूर्वी त्याचे कार्य तपासावे.

स्वाध्याय
आपल्या कामातील एखादी क्रिया शंभर शब्दांत लिहा. ती न पाहिलेल्या व्यक्तीला वाचायला द्या आणि ती कोठे अडते, याची नोंद करा.