चुकांची वही

डोंबिवली स्टेशनाबाहेर ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ची हमी देणारे फलक वाचीत जे पालक मुलाच्या नोकरीची धास्ती मनात घेऊन घरी परततात, त्यांना माझी विनंती आहे की, शिकवणीचे शुल्क भरण्यापूर्वी त्यांनी मुलाच्या चुका एकदा निरखून पाहाव्यात; कारण त्यांतील पुष्कळशा मातृभाषेतून चालत आलेल्या असतात, आणि म्हणूनच त्यांचा माग काढता येतो.

‘दहा वर्षांपासून’ आणि ‘२०१५ पासून’ या दोहोंचा जिम्मा मराठीत एकट्या ‘पासून’वर असल्यामुळे, कल्याणात वाढलेला विद्यार्थी निःशंकपणे ‘आय ॲम लिव्हिंग इन कल्याण सिन्स टेन इयर्स’ असे लिहितो. इंग्रजी मात्र काळाचा आरंभ मुक्रर करण्यासाठी ‘सिन्स’ आणि अवधी मोजण्यासाठी ‘फॉर’ अशी कामाची वाटणी करते, आणि जिथे आपले साधे ‘राहतो’ विनातक्रार निभावून नेते तिथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ची मागणी करते. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांना मराठीत जोडच नसल्याने त्यांचा घोटाळा सर्वांत चिवट. (मजकडूनही अद्याप एखादे ‘द’ निसटते.)

परिभाषेचे भय मात्र अनाठायी आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण सिद्ध केले ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर, त्यामुळे नाम, सर्वनाम, क्रियापद जाणणाऱ्याची निम्मी ओळख आधीच झालेली असते. मराठी वाक्य घेऊन त्याचे इंग्रजी करण्याची जी रीत भाषांतर पाठमालांनी रूढ केली, ती आज जुनाट मानली जाते. माझ्या मते मराठी माध्यमाच्या मुलाला तिच्याइतकी उपयोगी दुसरी नाही.

स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पदवीधर परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात २०० पैकी ५० गुण इंग्रजीचे असून प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे अर्धा गुण वजा होतो, तेव्हा कानाला बरे वाटले म्हणून खूण करणे महागात पडते. त्यापेक्षा रोज रात्री स्वतःच्या दिवसाची पाच मराठी वाक्ये इंग्रजीत उतरवावीत, शिक्षकांकडून तपासून घ्यावीत, आणि प्रत्येक चूक तिच्या कारणासह स्वतंत्र वहीत तारीखवार दाखल करून आठवड्याने तीच वाक्ये न पाहता पुन्हा लिहावीत.

संदर्भग्रंथ विकत घेण्याची ऐपत नसल्यास ठाण्याचे १८९३ पासूनचे मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय आहे. पालकांनी फक्त शंभर पानी वही आणून द्यावी आणि पहिला महिनाभर गुण विचारू नयेत.