आवडीचं काम विकायला काढण्याआधी

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत. औद्योगिक वसाहतींच्या गाळ्यांमधून दिवसभर प्रेसचे ठोके आणि पॉलिशची घरघर ऐकू येते. अशा कारखान्यांचे हिशेब मी बरीच वर्षं लिहिले. हिशेब हे मला जमणारं काम, स्वयंपाक हे आवडीचं. मधली काही वर्षं हिशेब बंद करून मी डब्यांवर घर चालवलं. ते ठाऊक असल्यामुळे इमारतीतल्या मुली हल्ली विचारायला येतात, "काकू, नोकरी सोडून केकचं सुरू करू का?" दारात उभ्या उभ्या हो किंवा नाही म्हणून सुटण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

वालाच्या बिरड्यापासून सांगते. कडवे वाल रात्री भिजवायचे, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. चिमटीत धरून जरा दाबलं की साल हातात राहते आणि डाळिंबी अखंड निसटते. पाणी गार झालं की साल चिकटते, म्हणून मध्ये मध्ये गरम पाणी घालावं लागतं. या कामाला पुष्कळ जणी कंटाळतात. मला मात्र स्वयंपाकातलं हेच सगळ्यात आवडतं. हातांना काम असतं, डोकं मोकळं असतं.

डब्यांचं सुरू केलं तेव्हा घेणारे थोडे होते. मीरा रोडला भाड्याने राहणारी, सकाळी लोकल पकडणारी मुलं. अन्न परवान्याची छोटी नोंदणी करून घेतली, तिला तेव्हा वर्षाला १०० रुपये पडत. आठवड्यातून एकदा बिरडं असायचं आणि मुलं त्याची वाट बघायची. मग डबे वाढले. एवढे वाल सोलणार कोण? बाजारातून सोललेले आणले. ते महाग, आणि भाव तर वाढवता येत नव्हता, म्हणून बिरडं महिन्यातून एकदा झालं. पुढे ते यादीतूनच गेलं, त्या जागी चवळी आली. पोळ्यांना बाई ठेवली, वाटण आठवड्याचं एकदम करून फ्रीजरमध्ये जाऊ लागलं. माझ्याकडे उरलं काय? परत न आलेले डबे मोजणं, थकलेले पैसे मागणं, रात्री उशिरा येणारे "उद्या डबा नको" हे निरोप, आणि तेलाचा भाव वाढला की डब्यामागे किती पैसे सुटतात त्याची आकडेमोड. म्हणजे हिशेबच! आणि तो मला जमत होता म्हणूनच तो धंदा इतकी वर्षं टिकला.

आवडीचं काम विकायला काढलं की त्यातला आपल्या आवडीचाच भाग आधी गळतो. कारण बहुतेक वेळा तोच सगळ्यात वेळखाऊ असतो आणि गिऱ्हाईक नेमके त्याच वेळेचे पैसे देत नाही. त्याला पोटभर, वेळेवर आणि परवडणारं जेवण हवं असतं. त्यात गैर काहीच नाही. केकवाल्या मुलीला माझा पहिला प्रश्न म्हणूनच असा असतो, की तुला नेमकं काय आवडतं? आयसिंगची फुलं काढायला? मग एका फुलाला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघ, आणि तेवढ्या वेळाचे पैसे किमतीत धरून तो केक दोन अनोळखी माणसांना विकून दाखव. मैत्रिणी आणि मावश्या यात धरायच्या नाहीत. घेणारं कोणी मिळालं तर पुढचं बोलू. नाही मिळालं तर फुलं घरच्या वाढदिवसांसाठी ठेव, तिथे त्यांना कोणी घाई करणार नाही.

आता जमणाऱ्या कामाबद्दल. स्टीलच्या डब्याची सुरुवात गोल चकतीपासून होते, तिला सर्कल म्हणतात. चौरस पत्र्यातून बसेल तेवढा मोठा सर्कल कापला तरी चार कोपऱ्यांत मिळून जवळजवळ साडेएकवीस टक्के पत्रा उरतो. हे भूमितीचंच गणित आहे, त्यात कारागिराचा दोष नाही. पण एका कारखान्यात भंगार याहून बरंच जास्त निघत होतं आणि सगळे कापणाऱ्याला बोल लावत होते. मी शेठना म्हटलं, कोपऱ्यांचं भंगार आणि प्रेसखाली फुटलेल्या मालाचं भंगार आठवडाभर वेगवेगळं तोला. कोपरे गणिताप्रमाणेच भरले. जास्तीचं सगळं वजन फुटलेल्या मालाचं होतं. कापणारा सुटला, फोरमन डायकडे आणि भट्टीकडे बघायला लागला. हे सांगायला मला दोन वह्या शेजारी ठेवण्यापलीकडे काहीच करावं लागलं नव्हतं, त्यामुळे यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलंच नाही. जे सहज येतं त्याला आपण गुण मानत नाही, आणि त्याचे पैसे मागायलाही जीभ रेटत नाही. आपल्याला काय जमतं हे म्हणून स्वतःला विचारू नये. लोक अडल्यावर कोणतं काम घेऊन आपल्याकडे येतात, ते बघावं.

"पण काकू, मला या कामाचा वीट आलाय," असं मुली म्हणतात. तेव्हा मी खोलात जाते. वीट कामाचा आलाय की कामावर जाण्यायेण्याचा? आपल्याकडे हा प्रश्न फार खरा आहे. विरारहून गाडी भरून येते, मीरा रोडला दारात पाय ठेवायला जागा नसते, बसायला मिळावं म्हणून माणसं आधी उलट दिशेने जाऊन त्याच गाडीने परत येतात. रोज असा प्रवास करून चर्चगेटला उतरल्यावर कोणतंही काम नकोसंच होईल. घरून ते काम मिळतं का, जवळच्या ठिकाणी मिळतं का, साहेब बदलला तर बरं वाटेल का, हे तपासल्याशिवाय काम बदलू नये. जागा बदलण्यापुरता त्रास असताना आयुष्य बदलायला निघालेल्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि त्यांची मला खरोखर काळजी वाटते.

डॉ. श्रीराम लागूंचं उदाहरण हमखास पुढे केलं जातं. कान-नाक-घशाचे सर्जन असलेले लागू १९६९ साली 'इथे ओशाळला मृत्यू' या नाटकापासून पूर्ण वेळ नट झाले, हे खरं आहे. पण तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती, आणि त्याआधी पुण्यात प्रॅक्टिस सांभाळून ते पीडीए या नाट्यसंस्थेच्या नाटकांत कामं करत होते. तालमी, पाठांतर, प्रयोगाची दगदग, यातलं काही त्यांना नवं नव्हतं. दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं, ते व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांचं. ते सिव्हिल इंजिनिअर. एसीसी या सिमेंट कंपनीत नोकरी करून निवृत्त झाले, आणि नोकरीत असतानाच 'ललित' मासिकाची मुखपृष्ठं, जयवंत दळवींच्या 'ठणठणपाळ' सदराची चित्रं, अशी केवढी तरी कामं त्यांनी केली. ते हौशी होते असं कोण म्हणेल? घराचं भाडं चित्रांवर अवलंबून नव्हतं, याचा त्या चित्रांना फायदाच झाला असेल, असं मला मनापासून वाटतं.

नोकरी सोडायचीच असेल तर आधी नोकरी चालू असताना सलग दोन महिने ते आवडीचं काम मागणीप्रमाणे करून बघावं. ताप असताना, घरी पाहुणे असताना, मुलाची परीक्षा असतानाही. हप्ता आणि भाडं बाजूला काढलेलं असावं, आणि ते दागिने मोडून काढलेलं नसावं. घरच्यांना तारीख सांगून ठेवावी, की अमुक महिन्यापर्यंत जमलं नाही तर परत नोकरी. तारीख आधी ठरलेली असली की परतताना मान खाली घालावी लागत नाही. आणि जुन्या ठिकाणी भांडून निघू नये. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा मी डब्यांमध्येच होते, तरी जुन्या शेठचा फोन आला, "ताई, एकदा येऊन बघून जा." मी परत हिशेबाकडे वळले ती त्या फोनमुळे.

आता कारखान्यांच्या जोडीला घरून खाद्यपदार्थ करणाऱ्या काही बायकांचेही हिशेब मी बघते. त्यांच्या लाडूत, लोणच्यात कोणता भाग त्यांच्या आवडीचा आहे हे मी आधी विचारून घेते आणि किंमत लावताना तो वाचेल असं बघते. उत्तनची एक बाई सुक्या बोंबलाची चटणी करते. बोंबील तव्यावर मंद भाजणं तिला स्वतःच्या हाताने करायचं असतं, त्यामुळे माल कमी निघतो. आम्ही बरण्या लहान केल्या, भाव तोच ठेवला आणि लेबलावर हाताने भाजल्याचं छापलं. गिऱ्हाईक थोडं कमी झालं, पण टिकून आहे आणि भाजणं अजून तिच्याच हातात आहे.